पडद्यावरील प्रयोगशाळा आणि नदीचें पाणी

पाणी निर्मळ आहे कीं नाहीं, हें सांगणें वाटतें तितकें सोपें नाहीं. पावसाळ्यांतील गढूळ पाणी कित्येकदां माशांना मानवतें, आणि स्फटिकासारखें स्वच्छ दिसणारें पाणी त्यांना श्वास घेण्यासही अपुरें पडतें. डोळा, नाक आणि जीभ हीं माणसाचीं पूर्वापार परीक्षासाधनें या कामीं लौकरच थकतात. तीं थकलीं म्हणजे प्रयोगशाळेचें काम सुरू होतें. नदीच्या बाटलीभर पाण्यावर कांहीं ठराविक क्रिया करावयाच्या, शेवटीं एक आंकडा काढावयाचा, आणि त्या आंकड्यावरून ठरवावयाचें, कीं या घाटावर लोकांनीं स्नान करावें कीं नाहीं, वरच्या अंगाच्या कारखान्याला जाब विचारावा कीं नाहीं, नगरपालिकेनें सांडपाणी सोडण्यापूर्वीं त्यावर आणखी संस्कार करावे कीं नाहीं. एवढा मोठा निवाडा ज्या आंकड्यावर अवलंबून, तो आंकडा काढणारा हात कसा घडवावयाचा, हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नव्हे. नदीचें पाणी पिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

अशा हातांची गरज गेल्या कांहीं दशकांत फार वाढली आहे. भारतांत १९७४ सालीं जलप्रदूषण-प्रतिबंधाचा कायदा झाला आणि पाण्याच्या परीक्षेला कायद्याचें बळ आलें. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरणाचा विषय शिक्षणांत सक्तीचा करावा असा निर्देश दिला. पुढें विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवीच्या सर्व शाखांसाठीं सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आंखला, आणि त्याचें पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनीं सिद्ध केलें. विषय असा सर्वत्र पोहोंचला. प्रयोगशाळा मात्र त्या वेगानें पोहोंचल्या नाहींत.

महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकाचा तास कसा जातो, हें ज्या घरांत विज्ञानाचा विद्यार्थी आहे त्या घराला पुष्कळदां ठाऊक असतें. एका टेबलाशीं चौघे उभे. एकाच्या हातीं ब्युरेट, एकाच्या हातीं लेखणी, उरलेले दोघे प्रेक्षक. द्रावणें बेताचीं, वेळ मोजका, शिक्षक एक आणि टेबलें अनेक. प्रयोग बिघडला तर तो पुन्हां करण्याची सवड नाहीं. म्हणून बिघडलेल्या प्रयोगाचें उत्तर गेल्या वर्षींच्या जर्नलांतून उतरून घेण्याची एक जुनी आणि दुर्दैवी वहिवाट पडून गेली आहे. अशा वहींतील आंकडे सुबक असतात, आंखणी नेटकी असते, आणि हात मात्र कोरडे राहतात.

या अडचणींतून वाट काढण्यासाठीं संगणकाचा पडदा पुढें आला आहे. त्यावरील नवीं शिक्षणसाधनें चित्र, ध्वनि, हालचाल आणि लेखन हीं एका ठिकाणीं आणतात. परंतु त्यांचें खरें वैशिष्ट्य निराळेंच आहे. चित्रपट नुसता दाखवितो. हें साधन विद्यार्थ्याला विचारतें, तो काय करतो याची वाट पाहतें, आणि त्यानें केलेल्या कृतीला त्याच क्षणीं प्रत्युत्तर देतें. विद्यार्थ्यानें पडद्यावरील ब्युरेटची तोटी फिरविली, कीं थेंब पडतो आणि चंचुपात्रांतील रंग पालटतो. तोटी अधिक फिरविली, तर रंगही हातचा निघून जातो.

ही कल्पना कालपरवांची नव्हे. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत १९६० सालीं 'प्लेटो' नांवाची संगणक-शिक्षणाची योजना सुरू झाली आणि पुढें तिच्यांतून रसायनशास्त्राचे पाठही दिले जाऊं लागले. २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे पदार्थविज्ञानवेत्ते कार्ल वीमन यांनीं २००२ सालीं कोलोराडो विद्यापीठांत 'फेट' या नांवानें पडद्यावरील प्रयोगांचा एक उपक्रम आरंभिला. त्यांतील प्रयोग आज जगाच्या अनेक भाषांतून विनामूल्य मिळतात. भारतांत २००९ सालीं माहिती-तंत्रज्ञानाच्या साहाय्यानें शिक्षण देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली, आणि तिच्या आश्रयानें 'व्हर्च्युअल लॅब्ज' उभ्या राहिल्या. दिल्लीच्या आय.आय.टी.कडे त्यांचें सूत्रचालन असून मुंबईची आय.आय.टी. आणि पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय याही संस्था त्यांत सहभागी झाल्या आहेत. या प्रयोगशाळेंतील पाठाचा क्रम ठरलेला असतो: उद्देश, उपपत्ति, पूर्वपरीक्षा, कृति, पडद्यावरील प्रयोग आणि उत्तरपरीक्षा. शाळेच्या वरच्या वर्गांसाठीं अमृता विद्यापीठ आणि मुंबईचें सी-डॅक यांनीं 'ओ-लॅब्ज' सिद्ध केल्या; त्या मराठींतूनही पाहतां येतात, ही विशेष आनंदाची गोष्ट होय. २०२० च्या मार्च महिन्यांत साथीमुळें सर्व प्रयोगशाळांना कुलुपें लागलीं, तेव्हां अशा पडद्यांवांचून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दुसरा आधार उरला नव्हता.

हें साधन काय देतें आणि काय देऊं शकत नाहीं, हें गोळाबेरजेनें सांगण्यापेक्षां एखादा प्रयोग घेऊन पाहणें बरें. त्यासाठीं पाण्याच्या परीक्षेंतील अगदीं मूलभूत प्रयोग घ्यावा. १८८८ सालीं लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनज्ञानें पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मोजण्याची रीति प्रसिद्ध केली. आज प्राणवायु मोजणारीं विजेचीं उपकरणें सर्वत्र मिळतात. परंतु तीं खरें बोलतात कीं नाहीं, हें पडताळून पाहावयाचें झाल्यास अजूनही विंक्लरच्या रीतीला साक्षीस बोलावितात.

कृति अशी आहे. तीनशें मिलिलिटरची, कांचेच्या घट्ट बुचाची बाटली नमुन्याच्या पाण्यानें कांठोकांठ भरावयाची. तींत मँगनीज सल्फेटचें द्रावण, आणि त्यापाठोपाठ अल्कली, आयोडाइड व अझाइड यांचें मिश्र द्रावण, पिपेटचें टोंक पाण्याच्या पृष्ठभागाखालीं धरून सोडावयाचें. बूच लावून बाटली अनेक वेळां उलटीसुलटी करावयाची. पाण्यांत प्राणवायु असेल तर तपकिरी सांका पडतो. मुळींच नसेल तर तो पांढरा राहतो. सांका खालीं बसला म्हणजे तीव्र गंधकाम्ल घालावयाचें. त्यानें सांका विरघळतो, आणि पाण्यांत जितका प्राणवायु होता त्याच्या प्रमाणांत आयोडीन मोकळें होऊन द्रावणाला पिवळसर तांबूस रंग येतो. मग त्यांतील ठराविक भाग घेऊन त्यांत ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेटचें द्रावण थेंबथेंब सोडावयाचें. रंग वाळल्या गवतासारखा फिकट झाला कीं स्टार्चचे थेंब टाकावयाचे. द्रावण निळें होतें. ज्या थेंबासरशी तो निळा रंग नाहींसा होतो, त्या थेंबाशीं थांबावयाचें. थायोसल्फेटची तीव्रता ०.०२५ नॉर्मल आणि मूळ नमुन्याचा भाग २०० मिलिलिटर असला, कीं हिशेब अगदीं सोपा होतो: थायोसल्फेटचे जितके मिलिलिटर खर्च झाले, तितके मिलिग्रॅम प्राणवायु एका लिटर पाण्यांत होता.

या आंकड्याचा अर्थही ध्यानांत असावा. २० अंश सेल्सिअस तपमानाचें स्वच्छ, गोडें पाणी समुद्रसपाटीवर लिटरमागें सुमारें ९.१ मिलिग्रॅम प्राणवायु धरून ठेवूं शकतें. ३० अंशांना तें ७.६ मिलिग्रॅमांच्या आसपास येतें. नदींत सांडपाणी शिरलें कीं त्यांतील घाण पचवितांना जंतु हा प्राणवायु खर्च करतात. स्नानास योग्य अशा पाण्यांत लिटरमागें निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायु असावा, असा भारतांतील दंडक आहे.

आतां हाच प्रयोग पडद्यावर शिकविला, तर पहिला लाभ होतो तो चुकण्याच्या मोकळिकीचा. खऱ्या प्रयोगांत नवखा विद्यार्थी भीत-भीत वागतो, कारण हातांत तीव्र आम्ल आहे, द्रावणांत अझाइडसारखें विष आहे, आणि नदीवरून आणलेली बाटली एकच आहे. पडद्यावर त्याला हवें तें करून पाहतां येतें. स्टार्च फार आधीं घातला तर काय होईल? स्टार्च भरपूर आयोडीन घट्ट धरून बसतो आणि अखेरचा बिंदु रेंगाळतो. दोन्ही द्रावणांपूर्वींच आम्ल ओतलें तर? सांकाच पडत नाहीं आणि प्रयोग तेथेंच संपतो. कृतीच्या पुस्तकांत 'आधीं हें, मग तें' एवढेंच लिहिलेलें असतें. तो क्रम तसाच कां, हें तो मोडून पाहिल्याशिवाय पुरतें पटत नाहीं. करील तो चुकेल, ही म्हण समर्थनासाठीं वापरण्याची आपल्याकडे रीत आहे. शिक्षणाच्या दृष्टीनें ती उलटी वाचावी. ज्याला चुकण्याची सोय मिळाली, तोच कांहीं करूं शकेल.

दुसरा लाभ अदृश्य तें दृश्य करण्याचा. बाटलींत डोळ्यांना फक्त तपकिरी सांका दिसतो. पडद्यावर त्या सांक्याच्या आंत शिरतां येतें. मँगनीज प्राणवायूला कसें पकडून ठेवतें, आम्ल पडतांच तें त्याच्या मोबदल्यांत आयोडीन कसें मोकळें करतें, हा देण्याघेण्याचा व्यवहार चित्रांतून उलगडतो. प्राणवायूचें मोजमाप आयोडीनकरवीं कां होतें, हें कोडें ज्याला सुटलें, त्याला कृति पाठ करावी लागत नाहीं.

तिसरा लाभ काळाचा. नदीच्या पाण्यांतील प्राणवायु दिवसभर सारखा नसतो. शेवाळ आणि पाणवनस्पति उन्हांत प्राणवायु सोडतात, म्हणून तो दुपारीं चढतो; रात्रीं सर्वच जीव तो खर्च करीत असल्यामुळें पहांटेच्या सुमारास तो सर्वांत खालीं येतो. दुपारीं तीन वाजतां नमुना घेणारा आणि पहांटे पांच वाजतां घेणारा हे एकाच नदीविषयीं दोन निराळ्या गोष्टी सांगतील, आणि दोन्ही खऱ्या असतील. चोवीस तासांचा हा चढउतार पडद्यावर मिनिटभरांत पाहतां येतो. जैविक प्राणवायु-मागणीची परीक्षा घ्यावयाची तर भारतीय मानकाप्रमाणें बाटली २७ अंशांवर तीन दिवस अंधारांत ठेवावी लागते. ते तीन दिवसही पडदा क्षणांत उलटून दाखवितो.

चौथा लाभ सहसा कोणी मोजीत नाहीं, पण या विषयांत तो सर्वांत महत्त्वाचा मानावयास हवा. सांडपाण्याची रासायनिक प्राणवायु-मागणी काढण्याच्या रूढ रीतींत पोटॅशियम डायक्रोमेट, चांदीचें सल्फेट आणि पाऱ्याचें सल्फेट वापरून मिश्रण दोन तास उकळावें लागतें. प्रयोग आटोपल्यावर क्रोमियम आणि पारा असलेलें जें पाणी उरतें, तें ज्या सांडपाण्याची परीक्षा केली त्याहून घातक असतें. पाणी शुद्ध राखण्याची विद्या शिकतांना शेंकडों विद्यार्थ्यांनीं दरवर्षीं पारा मोरींत ओतावा, यासारखा विरोधाभास दुसरा नाहीं. असा प्रयोग प्रत्येकानें पडद्यावर करावा, आणि वर्गासाठीं एकदांच, शिक्षकाच्या देखरेखीखालीं, उरलेलें द्रव्य वेगळें जमा करून खराखुरा करावा, हें शहाणपणाचें होय.

असें शिक्षण पोकळ ठरतें, ही शंका जुनी आहे; तिला एक उत्तर २००५ सालीं मिळालें. कोलोराडो विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींना विजेचीं मंडलें खऱ्या तारा आणि दिवे घेऊन शिकविलीं, कांहींना तींच पडद्यावर जोडावयास लाविलीं. नंतर दोन्ही गटांना खरें मंडल जोडून त्याचें वर्तन समजावून सांगण्यास सांगितलें, तेव्हां पडद्यावर शिकलेले विद्यार्थी कल्पनांच्या परीक्षेंत तर सरस ठरलेच, पण खरें मंडल जोडण्याच्या कामांतही मागें पडले नाहींत. उलट पुढेंच गेले. पडद्याच्या कैवाऱ्यांनीं हा निष्कर्ष आनंदानें उचलला, आणि तें योग्यच होतें. परंतु तार दिव्याला जोडण्यास हाताचें कसब फारसें लागत नाहीं. तेथें अडतें तें डोक्यांत. पाण्याच्या परीक्षेंत डोक्याइतकाच हातही अडतो, आणि येथेंच त्या अनुभवाची मर्यादा लागते.

ही मर्यादा एका बुडबुड्यानें दाखवितां येते. पडद्यावरील बाटली कळ दाबतांच कांठोकांठ, एकही बुडबुडा न राहतां भरते. खरी बाटली तशी भरत नाहीं. ती तिरपी धरावी लागते, पाणी तळापासून संथपणें चढूं द्यावें लागतें, थोडें वाहूं द्यावें लागतें, आणि बूच अशा बेतानें बसवावें लागतें कीं त्याखालीं हवा अडकूं नये. समजा, टपोऱ्या हरभऱ्याहून थोडा मोठा, म्हणजे सुमारें एक मिलिलिटर हवेचा बुडबुडा आंत राहिला. हवेंत एकपंचमांशाहून किंचित् अधिक प्राणवायु असतो. त्या हिशेबानें या बुडबुड्यांत सुमारें ०.२८ मिलिग्रॅम प्राणवायु झाला. बाटली उलटीसुलटी करतांना तो सगळा पाण्यांत मिसळला, तर तीनशें मिलिलिटर पाण्यांत तो लिटरमागें जवळजवळ ०.९ मिलिग्रॅमची भर घालतो. नदींत खरोखर ४.३ मिलिग्रॅम प्राणवायु असेल, तर वहींत ५.२ उतरेल. दंडक पांचाचा आहे. एका हरभऱ्याएवढ्या हवेनें स्नानास अयोग्य नदी योग्य ठरली! हिशेब बरोबर, रंग बरोबर, लेखन सुबक. आणि निवाडा खोटा.

अखेरच्या बिंदूचीही तीच गोष्ट आहे. पडद्यावर निळा रंग एका थेंबासरशी जातो तो कायमचा. खऱ्या पात्रांत तो जातो, आणि कांहीं क्षणांनीं कधीं कधीं पुन्हां उमटूं लागतो, कारण पाण्यांतील नायट्राइट किंवा लोहाचा अंश आपला खेळ मागाहून दाखवितो. निळा रंग प्रथम नाहींसा झाला तेंच वाचन घ्यावें आणि मागाहून आलेल्या रंगाकडे दुर्लक्ष करावें, असा नियम आहे. पण तो पहिला क्षण ओळखण्यास डोळा तयार व्हावा लागतो, आणि तोटीवरील बोटांना एक थेंब आणि अर्धा थेंब यांतील अंतर कळावें लागतें. हें ज्ञान वाचून येत नाहीं, ऐकून येत नाहीं, आणि पडदा पाहूनही येत नाहीं. पाण्यांत पडल्याशिवाय पोहतां येत नाहीं, ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे.

शिवाय पडद्याला नदीचा कांठ नसतो. नमुना कांठाजवळच्या साचलेल्या पाण्यांतून घ्यावयाचा कीं प्रवाहांतून, नाला मिळतो त्याच्या वर कीं खालीं, सकाळीं कीं दुपारीं, आणि पहिलीं दोन द्रावणें तेथल्या तेथें घालून प्राणवायु बांधून टाकावयाचा कीं बाटली उन्हांतून तासभर फिरवीत आणावयाची, या निर्णयांवर आंकड्याचें अर्धें सत्य अवलंबून असतें. चिखलांत पाय रोवून उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला हे प्रश्न आपोआप पडतात. खुर्चीवर बसलेल्याला ते कोणी तरी विचारावे लागतात.

यावरून चांगलें साधन आणि वाईट साधन यांची पारख करण्याची कसोटी सांपडते. ज्या पडद्यावर विद्यार्थ्याला चुकतांच येत नाहीं, केवळ कळ दाबून पुढें जातां येतें, आणि शेवटीं प्रत्येकाला एकच बिनचूक उत्तर मिळतें, तो पडदा म्हणजे गेल्या वर्षींचें जर्नलच होय; फक्त तें आतां रंगीत आणि हलतें झालें आहे. चांगल्या साधनांत बाटलींत बुडबुडा राहूं शकतो आणि त्याचें फळ आंकड्यांत दिसतें. त्यांत दोन बाटल्यांचीं वाचनें तंतोतंत जुळत नाहींत. तीं खऱ्या प्रयोगाप्रमाणें थोडीं मागेंपुढें होतात, आणि विद्यार्थ्याला विचारतात, कीं इतका फरक क्षम्य आहे कीं प्रयोग पुन्हां करावा? चांगलें साधन कृतीपूर्वीं अंदाज मागतें, आणि अंदाज चुकला तर तो कां चुकला हें शोधावयास लावितें.

भाषेचाही विचार येथें केला पाहिजे. रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें आहे, कीं नुसत्या शब्दांपेक्षां शब्द आणि चित्र यांच्या जोडीनें शिकणें अधिक चांगलें होतें. आणि हलत्या चित्राबरोबर पडद्यावर मजकूर वाचावयास लावण्यापेक्षां तोच मजकूर कानांवर पडूं दिला तर डोळा चित्रासाठीं मोकळा राहतो. केवळ शोभेसाठीं घातलेलें संगीत आणि चित्रें मात्र शिकण्यांत अडथळा आणतात. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीनें याचा अर्थ उघड आहे. डोळे ब्युरेटवर असतांना कानांवर परकी भाषा पडली, तर त्याचें अर्धें लक्ष अर्थ लावण्यांत जातें. मायबोलींत, सावकाश आणि नेमक्या शब्दांत बोलणारा पाठ ही चैन नसून तो पद्धतीचाच एक भाग आहे.

तेव्हां पडदा आणि बाटली यांत भांडण लावण्याचें कारण नाहीं; त्यांचा क्रम ठरवावयास हवा. प्रथम विद्यार्थ्यानें पडद्यावर प्रयोग तीन-चार वेळां करावा, एकदां नीट आणि उरलेल्या वेळां मुद्दाम चुकून. मग प्रयोगशाळेंत नळाच्या पाण्यावर, प्रत्येकानें स्वतःच्या हातानें, दोन बाटल्या घेऊन तो करावा आणि त्यांतील फरक लपवून न ठेवतां वहींत लिहावा. त्यानंतर नदी, ओढा किंवा तळें. शेवटीं पुन्हां पडद्याकडे यावें, आणि तेथील नीटनेटकें उत्तर व नदीकांठचें ओबडधोबड उत्तर यांत अंतर कां पडलें, याची चर्चा वर्गांत व्हावी. कृति ठाऊक असलेला विद्यार्थी प्रयोगशाळेंत आला म्हणजे शिक्षकाला क्रम सांगण्यांत वेळ घालवावा लागत नाहीं. तो त्याच्या बोटांकडे पाहूं शकतो. पडद्यानें वांचविलेला वेळ असा हाताच्या शिक्षणाला मिळाला, तरच तो पडदा खरोखर कामीं आला.

याच्या उलट एक मोह आहे, आणि त्यापासून सावध राहिलें पाहिजे. पडद्यावर प्रयोग होतो, मग गंधकाम्लाचा, कांचसामानाचा आणि प्रयोगशाळेंतील सेवकाचा खर्च कशाला, असा हिशेब एखाद्या संस्थेच्या चालकांच्या मनांत येणें अशक्य नाहीं. साथीच्या काळांत पडदा प्रयोगशाळेच्या ऐवजीं वापरावा लागला, तो आपद्धर्म होता. आपद्धर्माला नित्यधर्म केला, तर दहा वर्षांनीं प्रमाणपत्रें पुष्कळ असतील, आणि बाटली नीट भरतां येणारा माणूस शोधावा लागेल. खेड्यांतील आणि लहान गांवांतील विद्यार्थ्यांवर हा अन्याय प्रथम होईल. कारण जेथें प्रयोगशाळा आधींच दुबळी आहे, तेथेंच ती बंद करण्याचें निमित्त सर्वांत सुलभ असतें. ज्यांच्यासाठीं पडदा हें वरदान ठरावयाचें, त्यांच्याच हातून बाटली काढून घेण्याचें तें साधन होऊं नये.

घरच्या मंडळींनाही या बाबतींत करण्याजोगें कांहीं आहे. मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर प्रयोग करीत असतांना पालकांनीं तें खेळणें समजून हिणवूं नये, आणि तेवढ्यानें शिक्षण पुरें झालें असेंही मानूं नये. दोनच प्रश्न विचारावे: आज पडद्यावर कोणती चूक करून पाहिली? आणि हाच प्रयोग प्रत्यक्ष हातानें केव्हां होणार? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर तो प्रश्न घेऊन महाविद्यालयाच्या दारीं जाणें हें पालकांचें कर्तव्य आहे.

पाण्याविषयींचा प्रत्येक आंकडा हा समाजाला दिलेला एक शब्द असतो. त्यावर विश्वासून कोणी ओंजळ भरतो, कोणी मुलाला नदींत उतरवितो, कोणी न्यायालयांत दाद मागतो. तो शब्द कशानें बनतो, हें पडदा शिकवूं शकतो, आणि अनेकांना स्वस्तांत, निर्धोकपणें व मायबोलींत शिकवूं शकतो. परंतु तो शब्द खरा ठेवण्याची जबाबदारी अखेर त्या बोटांवर येते, जीं बाटलीच्या तोंडाशीं अडकलेला हवेचा बुडबुडा पाहतात, बूच काढतात, आणि कोणी पाहत नसतांनाही ती बाटली पुन्हां भरतात.